पट सात आणि मधे पऱ्या: वाडीवरची शाळा समूह शाळेत घालवावी का?

माचीवरचा

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला. गावठाण खाली, आम्ही वर. मधे एक पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल. वरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट यंदा सात. पहिलीत एक, दुसरीत तीन, तिसरीत कुणीच नाही, चौथीत तीन. शिक्षक कागदावर दोन. एक बाई आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. राहिलेले गुरुजी आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या शाळेवर कामगिरीवर.

पंधरा दिवसांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीला निरोप आला, तोही तोंडी. मुलं खालच्या मोठ्या शाळेत घाला, गाडीची सोय होईल, तेवढा ना हरकतीचा ठराव करून द्या. माझी वहिनी समितीवर आहे. तिचा फोन आला, "भावोजी, सही करू की नको?" मी डोंबिवलीत बसून काय सांगणार? म्हटलं विचारून सांगतो. म्हणून हा धागा.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळ हे नमुने म्हणून पुढे केले होते. बराच आरडाओरडा झाला, तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री केसरकर म्हणाले की एकही शाळा बंद होणार नाही. मग हे तोंडी निरोप कसले?

माझा मुद्दा एकच. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीनच्या आत. पण किलोमीटर मोजतो कोण, आणि कुठल्या महिन्यात? मे महिन्यात साकवावरून गेलं तर खालची शाळा पाऊण तासावर. २०२१ च्या जुलैत, ज्या पावसात चिपळूण बुडालं आणि तळिये गेलं, त्याच पावसात आमचा साकव गेला. नवा व्हायला दोन पावसाळे लागले. तोवर डांबरी रस्त्याने वळसा घालून जायचं, तो वळसा नऊ किलोमीटरचा.

आणखी एक. आरोग्य खात्याचं उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० ला एक असतं. म्हणजे आरोग्य खात्याला डोंगर दिसतो. शिक्षण खात्याच्या "वीस" या आकड्यात डोंगर कुठे आहे?

हिशेबनीस

भावना समजू शकतो, पण आकड्यांकडेही बघू. तेव्हा जी आकडेवारी बाहेर आली होती त्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करा. शाळेमागे साडेबारा मुलं, शिक्षकामागे सहा. शहरात पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग आहेत आणि इकडे सहा मुलांमागे एक सरकारी पगार. एवढं करून निकाल काय? सहा मुलांना एक शिक्षक हे श्रीमंतांच्या शाळेतही मिळत नाही, मग या शाळांतून निदान तालुक्यात गाजतील अशी मुलं निघायला हवी होती.

दुसरं, रागावू नका. तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?

शेंगदाणा

पट सात आणि शिक्षक पाच दिवसांतले तीन दिवस. हिशेबनीस, तुमच्या भागाकारात हा शिक्षक किती धरायचा, ०.६ की ०.५?

(पॉपकॉर्न महाग झालंय, शेंगदाणे घेऊन बसलोय.)

माचीवरचा

@हिशेबनीस, रागावलो नाही. माझी दोन्ही मुलं डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात आहेत. वाडीवर माझ्या चुलतभावाचा मुलगा आहे, तोही तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. सकाळी पावणेसातला खाली तिठ्यावर जीप येते. तो आणि आणखी चार पोरं वरच्या शाळेत असती तर पट बारा झाला असता. हे लपवण्यात अर्थ नाही.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेत शिक्षिका आहे, पाटण तालुक्यात. कोयनेच्या बाजूला, द्विशिक्षकी शाळा. हिशेबनीस दादांना "सहा मुलांमागे एक शिक्षक" हे फार सोपं वाटतंय म्हणून लिहिते.

सहा मुलं म्हणजे सहा मुलांचा एक वर्ग नव्हे. माझ्यासमोर पहिलीची दोन, तिसरीची तीन, चौथीचं एक असतं. पहिलीच्या मुलांच्या हातात चिंचोके देऊन मोजायला बसवायचं, तोवर तिसरीचा हातचा घ्यायचा, चौथीच्याला भागाकार फळ्यावर मांडून द्यायचा. भागाकार अर्धा झाला की पहिलीतला एक रडतो, कारण दुसऱ्याने त्याचा चिंचोका नाकात घातला. (हे खरंच झालंय. दवाखाना अठरा किलोमीटर.) बहुवर्ग अध्यापन हे वेगळं कसब आहे, आणि डीएडला आम्हाला ते दोन पानांत शिकवून संपवलं होतं.

शिवाय दोनातले एक सर बीएलओ आहेत. मतदारयादीचं काम निघालं की मी एकटी. पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर भरायची, रेंजसाठी टेकाडावर जायचं. सहा मुलांच्या शाळेलाही तेवढेच तक्ते भरावे लागतात जेवढे सहाशेच्या शाळेला.

आता दुसरी बाजू. मी शाळा बंद करण्याच्या विरोधात आहे असं सगळे धरून चालतात, मी तितकीशी नाही. चौथीतला तो एकटा मुलगा, त्याचा पहिला नंबर आणि शेवटचाही तोच. त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. खो-खोला दोन बाजू होत नाहीत. कवितेला चाल लावली तर एकट्याने म्हणायला लाजतो. पाचवीला खाली गेला की वर्गात चाळीस मुलं बघून आठ दिवस बोलतच नाही, मागच्या वर्षीच्या मुलीचं हेच झालं. छोटी शाळा म्हणजे कायम सुंदर, असं शहरात राहून म्हणणाऱ्यांनी एक महिना येऊन राहावं.

जुना खडू

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. थोडा इतिहास सांगतो, नाहीतर नवीन मंडळींना वाटेल या शाळा आकाशातून पडल्या.

२००० च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या. वाडीत पंधरा-वीस मुलं आहेत आणि जवळ शाळा नाही, तर तिथलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी निमशिक्षक म्हणून घ्यायची, मानधन महिना हजार रुपये. कुणाच्या पडवीत, देवळात, झाडाखाली शाळा भरायची. तेव्हा घोषणा अशी की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत जाईल. पुढे त्या नियमित शाळा झाल्या. आज वीसच्या आत असलेल्यांत त्या बऱ्याच आहेत. तेव्हाही पट वीसच्या आसपासच होता! म्हणजे ज्या कारणासाठी काढल्या त्याच कारणासाठी आता बंद करायच्या.

२०११ च्या ऑक्टोबरात ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली ती आठवते का? मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी. आधी नांदेडला करून पाहिली, मग सगळीकडे. हजेरीपटावर लाखोंनी बोगस नावं निघाली. एकच पोरगं सकाळी एका संस्थेत आणि दुपारी दुसरीत. सांगायचं कारण, ती मोठी चोरी वाडीवरच्या सातच्या पटात होत नव्हती. सात मुलांत आठवं नाव घुसवलं तर गावाला कळतं.

@माचीवरचा, तुमच्या मुद्द्यात एक दुरुस्ती. शिक्षण खात्याला डोंगर दिसत नाही असं नाही, निदान कागदावर तरी दिसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्राने केलेल्या २०१० च्या नियमांत सहावा नियम वाचा. अवघड प्रदेश, दरड कोसळण्याचा किंवा पुराचा धोका, रस्त्याचा अभाव, लहान मुलांना वाटेत धोका असेल तर अंतराची मर्यादा आणखी कमी करून शाळा द्यावी असं त्यात आहे. हे वाक्य अधिकाऱ्यांसमोर कुणी काढत नाही, कारण बहुतेकांनी वाचलेलं नसतं. मीही निवृत्तीच्या दोन वर्षं आधी वाचलं.

माचीवरचा

खडूकाका, हे माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो. वहिनीला आत्ताच पाठवलं.

हिशेबनीस

जुना खडू, नियम मान्य. पण राजस्थानने २०१४ मध्ये हजारो शाळा एकत्र केल्याच की. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे: देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळपास २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं, एकशिक्षकी शाळा लाखावर. हा प्रश्न कुणीतरी कधीतरी सोडवायलाच हवा ना? संगीत, चित्रकला, खेळ यांना वेगळा शिक्षक सात मुलांच्या शाळेला कधीच मिळणार नाही.

जुना खडू

त्याच धोरणातलं पुढचं वाचा. एकत्रीकरण फार विचाराने करावं आणि मुलांच्या शाळेत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तरच, असंही तिथेच लिहिलंय. त्यांनी सुचवलेला मार्ग शाळा संकुलाचा आहे, आणि ती कल्पना कोठारी आयोगाची, १९६४-६६ ची. मोठी माध्यमिक शाळा मध्यभागी आणि भोवतीच्या लहान शाळांनी तिच्याशी जोडून घ्यायचं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खास विषयांचे शिक्षक वाटून वापरायचे. म्हणजे चित्रकलेचे सर मोटारसायकलवर वाडीला जातील, सात पोरं टेंपोत बसून सरांकडे जाणार नाहीत. आपण शब्द त्यांचा घेतला आणि अर्थ बदलला.

गोमतीकाठी

लखनौहून. उत्तर प्रदेशात १६ जून २०२५ ला आदेश निघाला, पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत "पेअर" करायच्या. सीतापूरचे पालक कोर्टात गेले. ७ जुलैला उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने याचिका फेटाळल्या, २४ जुलैला खंडपीठाने सीतापूरपुरती जैसे थे स्थिती ठेवायला सांगितली. त्यानंतर सरकारने एक किलोमीटरपेक्षा दूरच्या शाळा वगळायचं जाहीर केलं. म्हणजे पालक भांडले तिथे अंतर दिसलं. आणि हा सगळा गंगा-यमुनेचा सपाट मुलूख आहे, पऱ्या नाही की दरड नाही.

सातपुडा

धडगावकडचा आहे. तोरणमाळ हा नमुना म्हणून सगळीकडे दाखवतात, म्हणून बोलतो. तिथे आजूबाजूच्या पाड्यांवरच्या शाळांची मुलं निवासी शाळेत आणली. इमारत चांगली आहे, नाही म्हणणार नाही. पण निवासी म्हणजे सहा वर्षांचं पोर आईपासून दूर. ते पोर घरी पावरी किंवा भिलोरी बोलतं, शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी. रात्री ताप आला तर कुणाला आणि कुठल्या भाषेत सांगणार?

आश्रमशाळांचा अनुभव आमच्या भागाला जुना आहे. डॉ. साळुंखे समितीने राज्यातल्या आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, पंधरा वर्षांत हजाराहून जास्त मुलं गेली होती. ताप, सर्पदंश, पाण्यात बुडणं, आणि पुष्कळ ठिकाणी कारणाच्या रकान्यात काहीच नाही. पुण्यातल्या शाळेत एक मूल गेलं तर टीव्हीवर आठ दिवस चालतं.

माझा भाऊ आश्रमशाळेत शिकून आज तलाठी आहे. म्हणून निवासी शाळा नकोच असं मी म्हणत नाही. पाचवीनंतर ठीक आहे. पहिलीला नको.

नर्मदेच्या काठावर दवाखाना बोटीतून जातो, तरंगता दवाखाना म्हणतात. बुडिताच्या गावांना नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, त्या पाड्यावरच आहेत. डॉक्टर बोटीने जाऊ शकतो तर मास्तर का नाही?

पाटीपेन्सिल

@सातपुडा, मास्तर बोटीने जातातही हो. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या शाळांवर आमचे सहकारी लाँचने जातात. लाँच बंद असली की मुक्काम. बाईमाणसाने तिकडे बदली घेतली तर राहायचं कुठे, हा प्रश्न "गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत" म्हणणाऱ्यांना पडत नाही.

शेंगदाणा

मुख्यालयी राहण्याचा दाखला ग्रामसेवक देतो. ग्रामसेवक मुख्यालयी राहतो की नाही याचा दाखला कोण देतो?

मांडवीकाठ

गोव्याचं सांगतो. आमच्याकडे अंतर ही सबब नाही, सगळं हाकेच्या अंतरावर. तरी सरकारी मराठी प्राथमिक शाळा एकामागून एक ओस पडल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, मातृभाषेसाठी मोठं आंदोलन झालं, सरकार बदललं, तरी अनुदान राहिलं. ते झालं माध्यमाचं. पण माझ्या गावात शाळा रिकामी झाली ती बसने. सरकारची बालरथ योजना अनुदानित संस्थांसाठी. पिवळी बस दारात येऊन पोरांना अनुदानित शाळेत नेते, आणि सरकारच्या स्वतःच्या शाळेला बस नाही, कारण ती शेजारीच! पालकाने काय करावं? एकीकडे बस, गणवेश, केजीपासून दहावीपर्यंत एकच आवार. दुसरीकडे एक शिक्षिका आणि गळकं छप्पर.

तर माचीवरचा, तुमच्या तिठ्यावरची जीप हा खरा विषय आहे. शाळा दूर गेली की ती जीप आणखी भरेल. आता आई म्हणते, "घराजवळ आहे म्हणून इथे घातलं." तेच कारण काढून घेतलं आणि गाडीनेच जायचं ठरलं, तर मग खालच्या जिल्हा परिषदेत कशाला, थेट इंग्रजीतच.

हिशेबनीस

@मांडवीकाठ, हा मुद्दा पटला. म्हणजे सरकारला मुलं खालच्या शाळेत येतील असं वाटतं, प्रत्यक्षात ती खासगीत जातील. मग खालच्या शाळेचाही पट वाढणार नाही आणि वरची शाळाही गेली. बचतीचा हिशेब इथे माझ्याच हातून चुकला.

पण पाटीपेन्सिल ताईंच्या चौथीतल्या मुलाचं काय? त्याला सोबती कुठून आणायचे?

पाटीपेन्सिल

त्यासाठी शाळा बंद करावी लागत नाही. आमच्या केंद्रात चार शाळांनी मिळून ठरवलंय, शनिवारी एकेका शाळेत सगळी मुलं जमतात. पदरचे पैसे घालून टमटम करतो. तेहेतीस मुलं होतात, खो-खोला बाजू होतात. शासनाचा आदेश नाही, निधीही नाही. पावसाळ्यात बंद, दिवाळीनंतर सुरू. समग्र शिक्षा योजनेमध्ये वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती शाळा दूर असेल तर. शाळा जवळ ठेवून आठवड्यातून एकदा मुलं फिरवायची तर त्याला रकानाच नाही.

जुना खडू

@माचीवरचा, ठरावाबद्दल. समितीत पाऊण हिस्सा पालक असतात, त्यांच्या सहीला किंमत आहे, म्हणून तर तोंडी निरोप येतात. तोंडी निरोपाला तोंडीच उत्तर द्यायचं. त्यांना म्हणा, पत्र द्या. पत्रात चार गोष्टी मागा: गाडी कुणाची, पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, जून ते सप्टेंबर साकव बंद असेल तेव्हा काय, आणि गाडी बंद पडली तर शाळा परत सुरू होणार का. चौथ्याचं उत्तर कुणी लिहून देत नाही, मी नोकरीत असताना मीही दिलं नसतं. आणि हो, रिक्त पद भरण्याची मागणी त्याच ठरावात घाला. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर निवृत्त शिक्षक किंवा डीएड झालेले बेरोजगार पंधरा हजारांवर नेमायचा आदेश निघाला होता, शिक्षकांनी सामूहिक रजा टाकल्या होत्या, ते आठवत असेल. तसलं काही पुढे केलं तर नियमित शिक्षकाचाच आग्रह धरा.

माचीवरचा

काल बैठक झाली. मी गेलो नव्हतो, वहिनीने सांगितलं ते लिहितो.

अंतर मोजायला दोघे आले होते. मोबाइलच्या नकाशावर ९०० मीटर दाखवलं. वहिनी म्हणाली, "साहेब, कावळा शाळेत जात नाही, पोरं जातात," आणि त्यांना पाखाडीने चालवत खाली नेलं. अर्ध्यावर पाऊस आला. पऱ्यापाशी एक जण बसलेच. साकवाच्या दोन फळ्या गेल्यात, ते त्यांनी पाहिलं. मोजणी झाली पावणेदोन किलोमीटर. पंचनाम्यात मात्र "अंदाजे एक ते दीड" लिहिलंय.

ठराव झाला: लेखी पत्र मिळेपर्यंत निर्णय नाही, रिक्त पद भरावं, साकव दुरुस्त करावा. सात मुलांचे पालक हजर होते, सहांनी सह्या केल्या. सातवे म्हणाले गाडी देत असतील तर मला चालेल, माझा मुलगा एकटाच आहे वर्गात. पहिलीतला तो. त्यांचंही चूक नाही.

आणि चुलतभावाशी बोललो. म्हटलं पोराला वरच्या शाळेत घालशील का? तो हसला. म्हणाला, तू आधी तुझी आण.

शेंगदाणा

वहिनींना दंडवत.

गोमतीकाठी

पंचनाम्याची नक्कल आजच मागून घ्या. "अंदाजे" पुढे जाऊन "एक"च होतो.

कातळसडा

पहिल्यांदाच लिहितोय, वाचक होतो. लांजा तालुक्यातून. आमच्याकडे पण निरोप आलाय, पट अकरा. त्या ठरावाचा मसुदा कुणी इथे टाकेल का? आमच्या समितीची बैठक गुरुवारी आहे आणि लिहिणारं कुणी नाही.